पक्का हात, कच्ची नोकरी : वर्धा जिल्ह्यातील हॉटेल कामगार

वर्धा जिल्ह्यातील हॉटेलांत काम करणारा माणूस सहसा बेकार बसत नाही. आलुबोंडा, कचोरी, पुरी-भाजी यांत ज्याचा हात बसला आहे असा कारागीर एका हॉटेलातून निघाला, की चार-दोन दिवसांत दुसऱ्या कढईसमोर उभा दिसतो. तरीही इतकी बेभरवशाची नोकरी शोधून सापडणे कठीण. पगार तोंडी ठरतो, सुट्टी मालकाच्या मर्जीवर असते आणि पंधरा-वीस वर्षे राबूनही ती सेवा कुठल्याच कागदावर उमटत नाही. काम आहे, पण त्या कामाच्या भरवशावर घराचा पुढचा विचार करता येत नाही. या स्थितीचा भार कामगाराच्या कुटुंबावर पडतो आणि कामातून त्याला मिळणाऱ्या समाधानावरही.

जिल्ह्यातील हॉटेल व्यवसाय काही ठरावीक जागी एकवटलेला आहे. वर्धा शहरात बसस्थानक, रेल्वे स्थानक, बजाज चौक आणि आर्वी नाका या भागांत नाश्त्याची हॉटेले, भोजनालये, सावजी खानावळी व लॉज आहेत. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम परिसरात एकत्र येत असल्याने प्रवाशांची वर्दळ जुनी आहे. सेवाग्रामला १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले आणि १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. या संस्थांमुळे विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक असे दोन मोठे गिऱ्हाईकवर्ग तयार झाले, आणि त्यांच्यासाठी मेस, डबे, चहा-पोह्यांच्या गाड्या व छोटे लॉज. हिंगणघाट आणि जामचा चौरस्ता नागपूर–हैदराबाद महामार्गावर, तर तळेगाव व कारंजा (घाडगे) नागपूर–अमरावती महामार्गावर आहेत. तिथे ढाब्यांचे राज्य. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून त्या बाजूला रिसॉर्टचेही काम निघाले. पण पावसाळ्यात जंगल-सफारी बंद राहते आणि तिथल्या पोरांना ते महिने गावच्या शेतात किंवा शहरातल्या एखाद्या हॉटेलात काढावे लागतात.

या सगळ्या व्यवसायाला एक चौकट आहे, ती दारूबंदीची. गांधीजींच्या व विनोबांच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे परमिट रूम किंवा बार येथे उघडता येत नाही. कामगाराच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला परिणाम कमाईवर. बारमधल्या वेटरची टिप काही वेळा पगाराला येऊन मिळते, पण जेवणाच्या बिलावर वर्ध्याचे गिऱ्हाईक दहा-वीस रुपये ठेवते, तेही ठेवले तर. त्यामुळे चलाख वेटर नागपूर किंवा यवतमाळच्या बाजूला सरकतो. दुसरा परिणाम कामाच्या वेळेवर आणि वातावरणावर. मद्यप्याची शिवीगाळ, रात्री दीडला टेबल साफ करणे, बिलावरून झटापट यांतून इथला कामगार बऱ्याच अंशी सुटतो. ‘फॅमिली रेस्टॉरंट’ ही पाटी इथे शोभेपुरती नाही. संध्याकाळी बायकापोरांसह आलेली कुटुंबे हाच इथला खरा धंदा आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात मात्र २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली. तिथल्या परमिट रूममधील कामगारांची नोकरी एका शासकीय निर्णयाने गेली आणि दुसऱ्याने पुन्हा उघडली. स्वयंपाक्याच्या किंवा वेटरच्या कसबात या सहा वर्षांत काही उणे झाले नव्हते.

हॉटेलातील काम मोरीपासून सुरू होते. नवा पोरगा आधी कप-बश्या आणि ताटे धुतो, मग टेबल पुसतो, पाणी देतो, पार्सल बांधतो. हुशार निघाला तर कांदा-बटाटा, पीठ मळणे, चटणी वाटणे अशी कामे हाती येतात, आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या दिवशी मुख्य कारागीर गैरहजर असतो म्हणून झारा त्याच्या हाती पडतो. या शिक्षणाला शाळा नाही. आयटीआयमध्ये अन्नउत्पादनाचा अभ्यासक्रम आहे, पण तिथून शिकलेली मुले बहुधा पुणे, मुंबई, गोवा किंवा आखाती देशांची वाट धरतात. जिल्ह्यातील हॉटेले मोरीतून वर आलेल्या माणसांवर चालतात. पूर्वी हा पोरगा दहा-बारा वर्षांचाच असे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे व घरकामात चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास देशभर बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्व व्यवसायांना लागू झाली. आज पन्नाशीत असलेल्या कारागिरांतील अनेकजण मात्र त्या आधीचे, शाळा सोडून आलेले आहेत. त्यांच्या अंगी असलेले कौशल्य आणि त्यांच्याकडे नसलेली प्रमाणपत्रे, दोन्ही त्याच वयातली.

कामाचा दिवस पहाटे सुरू होतो. बसस्थानकासमोरच्या नाश्त्याच्या हॉटेलात पाच वाजता भट्टी पेटते. पोहे भिजवणे, तर्रीसाठी कांदा-खोबरे परतणे, बटाटे उकडणे, पहिला चहा. सातला पहिली झुंबड, दहाला कार्यालयात जाणारे, अकरापासून जेवण. तीनच्या सुमारास गर्दी ओसरते आणि सहानंतर पुन्हा चढते. मधले दोन-तीन तास मोकळे म्हणायचे, पण घर सेलूकडच्या किंवा देवळीकडच्या खेड्यात असेल तर एवढ्या वेळात जाऊन येणे परवडत नाही. मग हॉटेलच्याच बाकावर पाठ टेकायची. त्यामुळे हजेरी नऊ-दहा तासांची दिसली तरी माणूस चौदा-पंधरा तास घराबाहेर असतो. उन्हाळ्यात विदर्भातला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तंदूरसमोर उभ्या असलेल्या माणसाला बाहेरची लू थंड वाटते. सतत उभे राहून पायाच्या शिरा फुगतात, हातांवर तेलाचे डाग कायमचे उमटतात. मोरीवरच्या बाईच्या बोटांतल्या चिखल्या पावसाळा सरला तरी जात नाहीत.

असुरक्षितता म्हणजे काय, याचा विचार संघटनशास्त्रात १९८४ मध्ये लिओनार्ड ग्रीनहाल्श आणि झेहावा रोझेनब्लाट यांनी नीट मांडला. नोकरी जाण्याची शक्यता हा त्यातला एक भाग आहे. नोकरीला धोका दिसत असताना आपल्याला त्याबाबत काहीच करता येत नाही, ही हतबलता हा दुसरा भाग, आणि तोच मनाला जास्त पोखरतो. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांतील कपात डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही मांडणी वर्ध्याच्या भोजनालयाला चांगली लागू पडते. इथे धोका बहुधा हॉटेलच्या बाहेरून येतो आणि कामगाराला तो कळेपर्यंत घडून गेलेला असतो.

रस्त्यांचेच घ्यावे. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. हा रस्ता सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो, पण त्याच्या कडेला कुणाला ढाबा टाकता येत नाही. ठरलेल्या इंटरचेंजवरूनच आत-बाहेर करता येते आणि दुचाकीला तिथे प्रवेश नाही. मुंबई-छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोटारींचा एक भाग जुन्या महामार्गावरून इकडे वळला. जुन्या वाटेवरचा ढाबेवाला दोन वेटरऐवजी एकावर आला, तर त्या दुसऱ्या वेटरला नोटीस मिळत नाही. ‘सध्या गिऱ्हाईक नाही, बोलावतो’ एवढेच सांगितले जाते. बुटीबोरी–वर्धा–यवतमाळ रस्ता चौपदरी झाल्यावरही असेच झाले. गाडी वेगाने जाऊ लागली, की वाटेवरच्या गावात चहाला थांबणे कमी होते. रस्ता सुधारणे चांगलेच आहे. पण त्या सुधारणेच्या हिशेबात जमिनीचा मोबदला असतो, ढाब्यावरच्या हेल्परची रोजी नसते.

एसटीचा संपही असाच बाहेरून आलेला तडाखा. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला हा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि त्या काळात बसस्थानकाच्या आधाराने जगणाऱ्या उपाहारगृहांची, टपऱ्यांची सकाळ ओस पडली. त्याआधीचे दीड वर्ष टाळेबंदीत गेले होते. मार्च २०२० च्या अखेरीस हॉटेले बंद झाली आणि प्रवासी गाड्याही थांबल्या. महाराष्ट्रात लॉज व निवासी हॉटेले जुलैमध्ये एक-तृतीयांश क्षमतेने आणि उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सलवर यावे लागले. रेल्वे फलाटावरचे विक्रेते बहुधा कमिशनवर काम करतात. त्यांचे तर गाडी नाही तर कमाई नाही असे सरळ गणित होते. बाहेरच्या राज्यांतून आलेले तंदूरवाले, चायनीजवाले गावी परतले. स्थानिक कामगार भाजीची गाडी, शेतमजुरी, रोजगार हमी, जे मिळेल त्याकडे वळला. काही घरांत याच काळात बाईने डबे सुरू केले, आणि नवऱ्याच्या हातचे काम प्रथमच घरच्या चुलीवर चालले. त्यांतले काही डबे पुढेही टिकले.

या मोठ्या तडाख्यांखेरीज वर्षाचे स्वतःचे चढउतार असतात. लग्नसराईत केटरिंगला माणूस मिळत नाही, रोजी वाढते. श्रावणात सावजी खानावळी थंडावतात, पितृपक्षात मिठाईचे काम उतरते, सोयाबीन घरात आले आणि कापूस विकला की बाजारात पुन्हा पैसा दिसतो. शेतमालाचा भाव पडलेल्या वर्षी हिंगणघाटच्या कापूस बाजाराभोवतालच्या हॉटेलांत त्याची झळ लागल्याशिवाय राहत नाही. गिऱ्हाईक जेवण सोडून चहा-भज्यांवर भागवते.

सर्वांत अवघड असुरक्षितता मात्र हॉटेलच्या आतली आहे. छोट्या हॉटेलात सुरक्षितता म्हणजे मालकाशी असलेले नाते. जुना मालक मुलीच्या लग्नाला उचल देतो, दवाखान्याचे पैसे भरतो, खाडा झाला तरी सांभाळून घेतो. या माणुसकीला कमी लेखू नये. अनेक घरे तिच्यावर तरली आहेत. पण ती त्या एका माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. मालक थकतो, मुलाला धंद्यात रस नसतो, हॉटेल कुणाला तरी भाड्याने चालवायला दिले जाते. नवा चालवणारा आपली माणसे आणतो. जुन्या कारागिराची वीस वर्षांची सेवा कुठे नोंदलेली नसल्याने ग्रॅच्युइटीचा प्रश्न निघत नाही. उलट उचल बाकी असेल तर ती वहीत नीट लिहिलेली असते. कामगाराचे देणे लिहून ठेवायचे आणि त्याचे घेणे तोंडी, ही या व्यवसायाची खरी दुखरी जागा आहे.

कायदा नाही असे नाही. निवासी हॉटेल व उपाहारगृह हा किमान वेतनाच्या जुन्या अनुसूचीतील रोजगार होता, आणि शासनाने ठरवलेल्या दराखाली पगार आजही देता येत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर अशा तरतुदी होत्या. पण त्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्यास आणि कामाचा दिवस दहा तासांचा करण्यास मान्यता दिली. कर्मचारी राज्य विमा योजनेला दहा कामगार लागतात आणि भविष्य निर्वाह निधीला वीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय कामगार संहितांतही हे दोन आकडे तेच आहेत. वर्धा जिल्ह्यातील नाश्त्याचे हॉटेल पाच-सात माणसांवर चालते. मोठे भोजनालयही बहुधा वीसच्या आत असते, आणि जिथे माणसे जास्त असतात तिथे काहींची नावे हजेरीबुकात चढत नाहीत. कायद्याचा उंबरठा ज्या उंचीवर आहे, त्याच्या खाली जिल्ह्यातील बहुतेक हॉटेल कामगार राहतात. चाळिशीच्या आतील माणसाला २०१९ च्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत नाव घालून साठीनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतनाची सोय करता येते. पण आयुष्यभर मोरी आणि भट्टी केलेला पन्नाशीचा कारागीर त्या दारातूनही परत फिरतो.

घर आणि काम यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल यांनी १९८५ मध्ये सांगितले : वेळेची ओढाताण, ताणाची ओढाताण आणि वागणुकीची ओढाताण. हॉटेल कामगाराच्या घरात तिन्ही दिसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. वेळेची ओढाताण सगळ्यांत ठळक आहे. माणूस पहाटे निघतो तेव्हा मुले झोपलेली असतात आणि परततो तेव्हाही. शाळेतील पालकसभा, रेशनची रांग, सासू-सासऱ्यांचे दवाखाने ही सगळी कामे बायकोच्या वाट्याला येतात. इतरांच्या सुट्टीत याचे काम दुप्पट. रविवार, दिवाळी, राखी, २ ऑक्टोबरला सेवाग्रामला येणारी गर्दी, तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ. लाकडी बैल सजवून मुले बाहेर पडतात तेव्हा बाप कुणाच्या तरी मुलांसाठी समोसे तळत असतो. नात्यातल्या लग्नालाही हा माणूस पंगतीत कमी आणि केटररबरोबर जास्त दिसतो. नातेवाईक पुढे बोलावणेच विसरतात, आणि ही गोष्ट घरच्या बाईला फार लागते.

ताण घरी येतो तो पैशाच्या रूपाने. ठरावीक पगाराच्या घरातली आई घरखर्चाचे महिन्याचे गणित मांडते. हॉटेलवाल्याच्या घरी ते आठवड्याचे असते. महिन्यातला थोडा पगार उचल म्हणून आधीच घेतलेला, थोडा खाड्यात कापलेला, उरलेला मालकाच्या गल्ल्यातून दोन-तीन हप्त्यांत येणारा. किराणा दुकानदाराची उधारी हीच खरी बँक ठरते. शाळेची फी, सिलिंडर, बचत गटाचा हप्ता यांची तारीख ठरलेली, पण पगाराची नाही. बचत गटाचा हप्ता चुकू नये म्हणून बायको शेतात निंदणाला जाते. हॉटेल कामगाराच्या कुटुंबाचे स्थैर्य अनेकदा त्याच्या नोकरीत नसून बायकोच्या मजुरीत आणि गटातल्या खात्यात असते. घरातील निर्णयांत अशा बाईचा शब्द वजनदार असतो, हे नोंदवण्यासारखे आहे.

वागणुकीच्या ओढाताणीबद्दल फारसे बोलले जात नाही. दिवसभर ‘या भाऊ, काय देऊ, बसा, आत्ता आणतो’ म्हणणारा माणूस घरी एक शब्द बोलत नाही. आर्ली होशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करताना दाखवले, की हसतमुख राहणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचा शीण वेगळा असतो. ढाब्यावरच्या वेटरला हसण्याचे प्रशिक्षण कुणी देत नाही, तरी ‘ए पोऱ्या’ अशी हाक पन्नाशीतही ऐकून घेणे त्याच्या कामाचाच भाग मानला जातो. तो राग गिऱ्हाइकावर निघत नाही. घरी निघतो किंवा तंबाखूच्या खर्ऱ्यात विरतो. मुलगी द्यायची वेळ आली की ‘हॉटेलात कामाला आहे’ हे वाक्य पाहुणे दोनदा विचारून घेतात, आणि त्यामुळे तरुण कामगार स्वतःची ओळख ‘केटरिंग लाइनमध्ये’ अशी सांगू लागला आहे.

स्त्रियांची स्थिती वेगळी आहे. भोजनालयांत पोळ्या-भाकरी करणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांशिवाय जिल्ह्यातील एकही मेस चालणार नाही. त्यांतल्या अनेक विधवा किंवा एकट्याने घर चालवणाऱ्या. काहींना महिन्याचा पगार, तर काहींना पिठाच्या किंवा पोळ्यांच्या हिशेबाने पैसे. सकाळी घरचा स्वयंपाक उरकून दहाला हॉटेलात, चारला परत, संध्याकाळी पुन्हा. म्हणजे दिवसात चार स्वयंपाक, दोन दुसऱ्यांसाठीचे आणि दोन स्वतःच्या घरचे. त्यांना वेटर किंवा काऊंटरचे काम क्वचित मिळते, म्हणून टिप नाही आणि बढतीही नाही. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम देताना संमती आणि सुरक्षितता यांची अट २०१७ च्या कायद्यात होती. प्रत्यक्षात वेळ ठरवते ती शेवटची एसटी किंवा सोबतीची दुसरी बाई. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही माहिती पोळ्या लाटणाऱ्या बाईपर्यंत पोचलेली नसते. पोचायला हवी.

एवढे सगळे असताना हे लोक हॉटेल सोडून का जात नाहीत? पर्याय कमी हे एक कारण आहेच. हिंगणघाट आणि पुलगावच्या कापड गिरण्या एकेकाळी या भागातल्या तरुणांना आठ तासांची पाळी आणि निधीची नोकरी देत होत्या. ते दिवस गेले. पण हे पुरेसे उत्तर नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पगार, सुरक्षितता, मालकाची वागणूक यांत खोट असेल तर माणूस असमाधानी होतो, पण समाधान येते ते कामातूनच. कसब दिसणे, दाद मिळणे, जबाबदारी वाढणे यांतून. वर्ध्याच्या कारागिराला कामाबद्दल विचारावे, मग त्याचा चेहरा बदलतो. तर्रीला रंग कशाने येतो, पोहे किती वेळ झाकायचे, सांबारवडीचे सारण पाणी सोडू नये म्हणून काय करायचे, सावजी मसाला किती भाजला की कडू होतो, हे तो बारकाईने सांगतो. अमुक हॉटेलची कचोरी प्रसिद्ध आहे असे गाव म्हणते. ती कचोरी कुणाच्या हातची आहे हे त्याला माहीत असते आणि दुसऱ्या हॉटेलच्या मालकालाही. हा कारागीर हलला की गिऱ्हाईक हलते. कागदावर काहीच हक्क नसलेल्या माणसाच्या हातात एवढी एक ताकद असते, आणि पगारवाढ होते ती बहुधा तिच्या जोरावर.

रुग्णालयांजवळच्या हॉटेलांत आणि मेसमध्ये समाधानाचा आणखी एक झरा आहे. सावंगी-सेवाग्रामला चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडून आणि तेलंगणा-मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. नातेवाईक आठ-आठ दिवस राहतात, रडवेले होऊन एक चहा घेऊन बसतात. रोज दिसणारा वेटर त्यांना ओपीडीची खिडकी दाखवतो, पातळ खिचडी बांधून देतो, पैसे कमी असले तर मालकाकडे शब्द टाकतो. पेशंट बरा होऊन गेला की जाताना ती माणसे सांगून जातात. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना आपण कुणाच्या तरी अडचणीत उपयोगी पडलो याची जाणीव असते, आणि ती पगाराच्या आकड्यात मावत नाही. सेवाग्राम आश्रमात स्वयंपाक आणि सफाई ही सर्वांनी मिळून करायची कामे होती. शरीरश्रम हे आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी एक. त्याच जिल्ह्यात भांडी घासणाऱ्या माणसाच्या श्रमाला दाम आणि मान दोन्ही मिळावेत, ही अपेक्षा जास्त नाही.

असमाधान मात्र कामाच्या रचनेत दडलेले असते. विल्यम फूट व्हाइट यांनी शिकागोतील उपाहारगृहांचा अभ्यास करून १९४८ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की वाढप्यांनी ओरडून दिलेल्या ऑर्डरी स्वयंपाक्याला हुकमासारख्या लागतात आणि गर्दीच्या वेळी भांडणे तिथेच पेटतात. ऑर्डर कागदावर लिहून खिळ्याला अडकवली, की हा त्रास बराच कमी होतो. वर्ध्यात अजूनही बहुतेक ठिकाणी वेटर दारातून ‘दोन पनीर, चार रोटी, एक दालफ्राय’ ओरडतो. जिथे कॅप्टनकडे छापील चिठ्ठी किंवा मोबाइलवरची ऑर्डर आली आहे तिथे भटारखान्यात शांतता आली, असे तिथले लोक सांगतात. पगारात एक रुपयाही न वाढवता दिवस सुसह्य करणारे बदल असतात. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी हे महिन्याच्या सुरुवातीला सांगणे, पगाराची तारीख पाळणे, दुपारी आडवे होण्यासाठी पंखा असलेली खोली, भट्टीजवळ धूर ओढणारा पंखा. सुट्टीचा वार आधी कळला तर बाप शाळेत जाऊ शकतो. पगाराची तारीख पक्की असली तर उचल घटते. असे करणारी हॉटेले जिल्ह्यात आहेत आणि तिथली माणसे दहा-दहा वर्षे टिकली आहेत. माणूस टिकला की चव टिकते, हे त्या मालकांनी ओळखले आहे.

पुढच्या पिढीबद्दल कामगारांचे मत जवळजवळ एकच असते : मुलाने या धंद्यात मालक म्हणून यावे, नाही तर येऊच नये. स्वतःची गाडी, घरगुती मेस, लग्नाच्या ऑर्डरी ही त्यांची स्वप्ने. भांडवल आणि जागा मिळाली तर ती खरीही होतात. शहरातल्या अनेक नाश्त्याच्या गाड्यांचे मालक आधी कुणाकडे तरी कारागीर होते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी पुराव्याचा प्रश्न उरतो. किमान वेतनाची थकबाकी असो, अपघाताची भरपाई असो वा ग्रॅच्युइटी, कामगार कार्यालयात पहिला प्रश्न येतो : तुम्ही तिथे कामाला होता कशावरून? नव्या संहितांनी नियुक्तीपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मिळेपर्यंत मोबाइलवर जमा झालेला पगार, ई-श्रम कार्ड, ड्युटीच्या तक्त्याचा फोटो हे जपून ठेवण्यासारखे कागद आहेत. आणखी एक कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अन्न सुरक्षा विनियम २०११ च्या परिशिष्ट ४ प्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते, आणि त्या दाखल्याच्या नमुन्यात कामगाराच्या नावाबरोबर तो कोणत्या आस्थापनेत नोकरीला आहे हे लिहायची जागा असते. मालक तो दाखला परवान्याच्या फाइलीत लावतो. त्याची एक झेरॉक्स कामगाराने दरवर्षी मागून घरी ठेवली, तर त्याचे आणि हॉटेलचे नाव एकत्र असलेला, डॉक्टरच्या सहीचा आणि तारखेचा पुरावा त्याच्याकडे वर्षागणिक जमत जातो.